भेट मिळाली, पण मालकीचे काय?

प्रश्न (एका वाचक महिलेचे पत्र, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, थोडक्यात): दीड वर्षापूर्वी एका मित्राने नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना आपला कॅमेरा, दोन लेन्स आणि बॅग असा संच मला भेट दिला. कॅमेऱ्याचे शटर बिघडलेले होते; ते मी स्वखर्चाने दुरुस्त करून घेतले. एक लेन्स माझ्या उपयोगाची नव्हती, ती विकली. गेल्या आठवड्यात एका अनोळखी गृहस्थांचा संदेश आला. संच त्यांचा असून माझ्या मित्राला फक्त वापरायला दिला होता, तो आठ दिवसांत परत न केल्यास पोलिसांत तक्रार करू, असे ते म्हणतात. मित्राला विचारले, तर त्याने लिहिले, ‘त्याच्याकडे माझे पैसे अडकले आहेत म्हणून कॅमेरा मी ठेवून घेतला होता. तू लक्ष देऊ नकोस.’ मी चोरी केलेली नाही, मला भेट मिळाली आहे आणि इतका काळ लोटला आहे. मग कॅमेरा माझाच नाही का? मला गुन्हेगार ठरवता येईल का? वाद नको म्हणून तो मित्रालाच परत करून मोकळी होऊ का? दुरुस्तीचा खर्च आणि विकलेली लेन्स यांचे काय?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि तुमची बरीचशी घालमेल त्यामुळेच होत असावी. वस्तू कुणाची, हा एक प्रश्न आहे. ती जवळ बाळगल्याबद्दल तुम्ही दोषी आहात का, हा दुसरा. ‘मी चोरी केलेली नाही’ हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते बहुधा खरेही आहे, पण पहिल्या प्रश्नाचा निकाल त्याने लागत नाही. माणूस पूर्णपणे निर्दोष असूनही त्याच्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असू शकते.

मालकीबद्दलचा नियम फार जुना आहे. आपल्याजवळ जेवढा हक्क आहे त्यापेक्षा अधिक हक्क कुणालाही दुसऱ्याला देता येत नाही, हे तत्त्व रोमन कायदेपंडित उल्पियन याच्या नावाने नोंदलेले आहे आणि भारतासह बहुतेक देशांच्या कायद्यांनी ते कमीअधिक प्रमाणात स्वीकारले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार जंगम वस्तूची भेट नुसत्या हाती सुपूर्द करण्यानेही पूर्ण होते, त्यासाठी कागद लागत नाही. मात्र देणाऱ्याकडे मालकीच नसेल, तर सुपूर्द होतो तो केवळ ताबा. तुमच्या मित्राने कॅमेरा प्रेमाने दिला असेल, बॅगेसकट दिला असेल, ‘आता हा तुझा’ असे म्हणून दिला असेल. त्या प्रेमाविषयी मला शंका घ्यायची नाही, पण त्यातून मालकी उत्पन्न होत नाही.

या नियमाला अपवाद आहेत. ते इतरांच्या बोलण्यातून तुमच्या कानावर येतील, म्हणून त्यांचा उल्लेख करतो. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 27 ते 30 मध्ये काही ठरावीक परिस्थितींत, प्रामाणिकपणे आणि दोष ठाऊक नसताना घेणाऱ्याला, देणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळतो. परंतु हे संरक्षण मुख्यतः मोबदला देऊन घेणाऱ्यासाठी आहे. पैसे मोजलेला निरपराध खरेदीदार आणि वस्तू गमावलेला निरपराध मालक यांच्यापैकी नुकसान कुणी सोसायचे, या पेचातून हे अपवाद जन्मले. भेट घेणाऱ्याने काही मोजलेले नसते, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा पेच कायद्याला तितकासा जाणवत नाही. जर्मनीच्या दिवाणी संहितेत हा विचार स्पष्टच लिहिलेला आहे. तिथे प्रामाणिक खरेदीदाराला उदारपणे संरक्षण मिळते (चोरीला गेलेल्या किंवा हरवलेल्या वस्तू सोडून), पण तीच वस्तू हक्क नसलेल्या माणसाकडून फुकट मिळाली असेल, तर घेणाऱ्याने ती मूळ मालकाला परत करायची, असे कलम 816 सांगते. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आपापल्या देशाचा नियम जरूर पाहावा, कारण फ्रान्ससारख्या ठिकाणी प्रामाणिक ताबेदाराची बाजू आपल्यापेक्षा बरीच भक्कम असते. पुढचे विवेचन भारतीय कायद्याला धरून आहे.

‘इतका काळ लोटला आहे’ या मुद्द्यावर फार विसंबू नका. कर्जाची किंवा चोरीला गेलेल्या वस्तूची मुदत तीन वर्षे असते, असे अनेकांनी ऐकलेले असते आणि ते घटनेच्या तारखेपासून दिवस मोजू लागतात. मुदत अधिनियम, 1963 च्या अनुच्छेद 68 प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या अथवा अप्रामाणिकपणे बळकावलेल्या विशिष्ट जंगम वस्तूच्या दाव्यासाठी तीन वर्षे आहेत खरी, पण वस्तू कुणाच्या ताब्यात आहे हे मालकाला प्रथम कळते, तेव्हापासून ती मोजली जातात. त्या गृहस्थांना तुमचे नाव आत्ताच कळले असेल, तर त्यांच्यासाठी मुदत जेमतेम सुरू झाली आहे. आणि दीड वर्ष हे मुळातच तीन वर्षांपेक्षा कमी आहे.

आता तुम्हाला खरी भीती ज्याची वाटते त्या प्रश्नाकडे येतो. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 317 मध्ये चोरीच्या मालाची व्याख्या दिली आहे आणि ती आपल्या समजुतीपेक्षा मोठी आहे. कुलूप फोडून नेलेली वस्तू तर तीत येतेच, शिवाय अपहार केलेली वस्तू, विश्वासाने सोपवलेली असताना विश्वासघात करून परस्पर वळवलेली वस्तू आणि फसवणुकीने मिळवलेली वस्तूही येते. फक्त वापरायला मिळालेला कॅमेरा मित्राने अप्रामाणिक हेतूने तुम्हाला देऊन टाकला असेल, तर तो या व्याख्येत बसू शकतो. ‘माझे पैसे अडकले होते’ असे त्याला मनापासून वाटत असेल, तर त्याचा हेतू अप्रामाणिक होता का, यावर वाद होईल. तो वाद त्याने लढवायचा आहे. तुमच्यापुरते कलम पाहायचे, तर असा माल अप्रामाणिकपणे स्वीकारणे किंवा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तो चोरीचा असल्याचे ठाऊक असणे किंवा तसे मानायला सबळ कारण असणे आवश्यक आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी आहे. दीड वर्षापूर्वी यांतले काहीच तुम्हाला ठाऊक नव्हते, तेव्हा स्वीकारण्याचा दोष तुमच्यावर येत नाही.

मात्र कलमात ‘स्वीकारणे’ याच्याबरोबर ‘जवळ ठेवणे’ हेही आहे. अपहाराच्या कलमाखाली (जुन्या भारतीय दंड संहितेत 403, आता 314) कायद्यानेच दिलेले एक उदाहरण तुमच्या प्रकरणाच्या फार जवळ जाते. एखाद्याने दुसऱ्याची वस्तू आपली समजून प्रामाणिकपणे घेतली, तर ती चोरी नव्हे. पण चूक लक्षात आल्यावर त्याने ती अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगाला लावली, तर तो अपहार होतो. म्हणजे तुमच्या वागण्याचा हिशेब भेट मिळाली त्या दिवसापासून होणार नाही, तर खरी परिस्थिती कळली त्या दिवसापासून होईल. आणि तो दिवस उगवून गेलेला आहे.

तो त्या गृहस्थांच्या संदेशाने उगवला, असे तुम्ही समजत असाल. मला तसे वाटत नाही. अनोळखी माणसाने केलेला दावा हा नुसता दावा असतो. उद्या कुणीही उठून तुमच्या सायकलीवर हक्क सांगेल. तुमची स्थिती बदलली ती मित्राच्या उत्तराने. तुम्हाला ते दिलासा देणारे वाटले, पण पुन्हा एकदा सावकाश वाचा. ‘कॅमेरा माझा होता’ असे त्यात कुठेही नाही. ‘ठेवून घेतला होता’ असे आहे. कुणी आपले पैसे देणे लागतो म्हणून त्याची वस्तू आपली होत नसते. देणे वसूल करण्यासाठी दिवाणी दाव्याचा मार्ग आहे. अगदी रीतसर तारण म्हणून कॅमेरा ठेवला होता असे धरले, तरी करार अधिनियम, 1872 च्या कलम 176 प्रमाणे तारण घेणाऱ्याला दावा लावता येतो किंवा वाजवी सूचना देऊन वस्तू विकता येते. ती तिसऱ्या माणसाला भेट देऊन टाकण्याची मुभा कुठल्याच तारणात नसते. तेव्हा आपण मालक नव्हतो, हे मित्राने तुम्हाला लेखी कळवले आहे आणि तो संदेश तुमच्या फोनमध्ये तारीख-वेळेसह आहे. तो पुसून टाकण्याचा मोह झाला तरी पुसू नका. परिस्थिती कळताच तुम्ही नीट वागलात, हे दाखवण्याच्या कामीही उद्या तोच येईल.

म्हणून आजपासून कॅमेरा वापरणे थांबवा. तो विकू नका, कुणाला वापरायला देऊ नका, दुसऱ्या घरी हलवू नका. वस्तू लपवायला किंवा तिची विल्हेवाट लावायला मदत करणे हा त्याच कलम 317 खाली वेगळा गुन्हा आहे, त्यामुळे ‘काही दिवस माझ्याकडे ठेव’ म्हणणाऱ्या हितचिंतकालाही त्यात ओढू नका. कॅमेरा कोरड्या जागी बॅगेत ठेवा आणि सर्व बाजूंनी त्याची छायाचित्रे काढून घ्या. तळाच्या बाजूला बारीक अक्षरांत अनुक्रमांक कोरलेला किंवा चिकटवलेला असतो, तो वाचता येईल असे एक छायाचित्र त्यांत असू द्या. दुरुस्तीची पावतीही शोधून ठेवा.

यानंतर दावेदाराकडे वळा. तुमच्या पत्रात हा माणूस थोडा खलनायकासारखा उतरला आहे. त्यांचा सूर उद्धट असेलही, पण दीड वर्ष आपली वस्तू शोधणारा माणूस गोड बोलेल अशी अपेक्षाही जरा जास्तच आहे. त्यांचे खरे असू शकते, हे मनाशी मान्य करून त्यांच्याकडे पुरावा मागा. हा तुमचा हक्क तर आहेच, शिवाय ती तुमची गरजही आहे, कारण चुकीच्या माणसाला वस्तू देऊन बसलात, तर खरा मालक उद्या तुमच्याच दारात येईल. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो मालक नाही, हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे, असा पुराव्याचा सर्वसाधारण नियम आहे. खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड किंवा खोक्यावरचा अनुक्रमांक यांतले काहीतरी मालकाकडे सहसा सापडते. कॅमेऱ्याच्या बाबतीत आणखी एक सोय असते. पुष्कळ कॅमेरे काढलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये तारीख, मॉडेल आणि कित्येकदा स्वतःचा अनुक्रमांकही नोंदवून ठेवतात. त्या गृहस्थांकडे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या मूळ फाइल असतील आणि त्यांतला क्रमांक तुमच्या कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळला, तर कॅमेरा तेव्हा त्यांच्याकडे होता हे बऱ्यापैकी पक्के होते. फक्त तुम्ही आधी क्रमांक सांगू नका. त्यांना सांगू द्या आणि मग ताडून पाहा. मित्राला कॅमेरा ‘वापरायला’ दिल्याचे जुने संदेशही मागा, कारण कॅमेरा कधीकाळी त्यांचा होता एवढ्याने तो आजही त्यांचा आहे असे ठरत नाही. मधल्या काळात त्यांनी तो मित्राला विकला असण्याची शक्यता उरते. मित्राच्या उत्तरावरून ती मला फारच कमी वाटते, तरी त्याच्याकडूनही एकदा स्पष्ट लेखी उत्तर घ्या: कॅमेरा तू विकत घेतला होतास का, घेतला असल्यास पावती आहे का.

‘मित्रालाच परत करून मोकळी होऊ का?’ हा पर्याय वरवर सर्वांत निरुपद्रवी दिसतो. ज्याने दिले त्याला परत दिले, त्यांचे ते पाहून घेतील. पण दुसऱ्याचा हक्क असल्याचे कळल्यानंतर, हक्क नसल्याचे स्वतःच सांगणाऱ्या माणसाच्या हाती वस्तू पुन्हा देणे म्हणजे मालकाच्या हातून ती जाण्याला आपण हातभार लावणे होय. मित्राने ती पुढे विकली, तर मालक तुमच्याकडेही नुकसानभरपाई मागू शकेल. मित्राकडे कॅमेरा द्यायचाच असेल, तर दावेदाराच्या लेखी संमतीनेच द्या. पुरावा पटल्यास थेट दावेदाराला देणे उत्तम. दोघेही हट्टाला पेटले आणि पुरावाही धूसर असला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 88 मध्ये नेमकी तुमच्यासारख्यांसाठी तरतूद आहे. ज्याला वस्तूवर स्वतःचा हक्क सांगायचा नाही, पण कुणाला द्यायची हे कळत नाही, त्याने दोन्ही दावेदारांना न्यायालयापुढे आणून वस्तू न्यायालयाच्या स्वाधीन करावी. एका कॅमेऱ्यासाठी एवढा खटाटोप व्यवहारात क्वचितच परवडतो, परंतु ‘वाद मिटेना तर मी हा मार्ग घेईन’ असे शांतपणे लिहून कळवले, की पुष्कळदा दोन्ही बाजू जमिनीवर येतात.

वस्तू देताना पावती घ्याच. तीत तारीख, अनुक्रमांक, सोबत दिलेल्या वस्तू आणि कॅमेरा चालू स्थितीत आहे की नाही याची नोंद असावी. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी आणि ‘या वस्तूवर पुढे अन्य कुणी हक्क सांगितल्यास त्याची जबाबदारी माझी’ अशी एक ओळ त्यांच्या सहीने लिहून घ्यावी. शक्य झाल्यास एक साक्षीदार सोबत ठेवावा.

दुरुस्तीच्या खर्चाबद्दल तुमच्या मनाप्रमाणे उत्तर देता आले असते तर बरे वाटले असते. इंग्लंडमध्ये 1977 च्या एका कायद्यात, वस्तू आपलीच आहे या प्रामाणिक समजुतीने जो तिच्यात सुधारणा करतो, त्याला भरपाईच्या हिशेबात सवलत मिळते. आपल्याकडे इतकी नेमकी तरतूद नाही. करार अधिनियमाच्या कलम 70 चा आधार घ्यावा, तर ते दुसऱ्यासाठी केलेल्या कामाबद्दल आहे आणि तुम्ही शटर स्वतःसाठी बदलून घेतले. तेव्हा पावती दाखवून, बिघडलेला कॅमेरा चालू होऊन परत मिळतो आहे, याची जाणीव देऊन, खर्चाची विनंती जरूर करा. समंजस माणूस निदान काही भाग तरी देईल. पण ‘पैसे मिळाल्याशिवाय कॅमेरा देणार नाही’ असे कधीही लिहू नका. त्या एका वाक्याने प्रामाणिक ताबेदार ही तुमची ओळख जाते आणि तुम्ही अडवणूक करणाऱ्या ठरता. हा खर्च खरे तर मित्राने सोसायला हवा. मागायचा तर त्याच्याकडे ठामपणे मागा.

विकलेल्या लेन्सचा तिढा अधिक अवघड आहे. ती विकताना तुम्हाला काही ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यात गुन्हा नाही. दिवाणी जबाबदारीला मात्र अप्रामाणिक हेतू लागत नाही. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून विकली, एवढे पुरते. मालक तुमच्याकडे लेन्सची किंमत मागू शकतो किंवा खरेदीदाराकडे लेन्स मागू शकतो, कारण तुमच्याजवळ नसलेला हक्क त्यालाही मिळालेला नाही. आणि खरेदीदाराच्या हातून लेन्स गेली, तर विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे ही अट प्रत्येक विक्रीत गृहीत असल्याने (वस्तुविक्री अधिनियम, कलम 14) तो तुमच्याकडून पैसे परत मागेल. म्हणजे कुठल्याही वाटेने गेले, तरी भुर्दंड फिरून तुमच्यापाशी येतो. खरेदीदाराचा ठावठिकाणा असल्यास त्याला खरे ते सांगून, त्याचे पैसे देऊन लेन्स परत घेण्याचा प्रयत्न करा. तो नाही म्हणाला, तर मालकाशी विक्रीच्या वेळच्या किमतीवर तडजोड करा. लेन्सचा विषय दावेदाराने अजून काढला नसेल, तरी संच परत करताना तो दडपू नका.

अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी थोडेसे. नोकरी सोडताना सहकाऱ्याने ‘ठेव तुला’ म्हणून दिलेला लॅपटॉप कंपनीचा असू शकतो आणि त्यात वस्तूबरोबर कंपनीची माहितीही असते, म्हणून तो न उघडता संबंधित विभागाला लेखी कळवावा. भाडेखरेदीवर घेतलेल्या वस्तूची मालकी, करारातल्या अटी पूर्ण होऊन खरेदीचा पर्याय वापरला जाईपर्यंत, वित्तपुरवठादाराकडे असते. मधल्या काळात भेट दिलेली अशी वस्तू घेणाऱ्याच्या दारातून उचलली जाऊ शकते. दिवंगत नातेवाइकाच्या घरातून वाट्याला आलेल्या वस्तूंमध्येही त्यांनी कुणाकडून तात्पुरत्या आणलेल्या वस्तू असू शकतात. मौल्यवान भेट स्वीकारताना ‘बिल आहे का?’ असे विचारणे अनेकांना अशिष्ट वाटते. वॉरंटीसाठी हवे आहे असे म्हटले, तर कुणालाही वाईट वाटत नाही.

तक्रार झालीच आणि पोलिसांनी बोलावले, तर घाबरून कॅमेरा नाकारू नका. चोरीनंतर थोड्याच काळात चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा करता येत नाही, त्याच्याविरुद्ध न्यायालय अनुमान काढू शकते. तुमच्याकडे खुलासा आहे आणि तो लेखी आहे. भेट देतानाचे संदेश, मित्राचे उत्तर, दुरुस्तीची पावती आणि दावेदाराशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती सोबत न्या. कॅमेरा जप्त केला, तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या. त्यानंतर मुद्देमालाचा ताबा कुणाला द्यायचा, ते न्यायालय ठरवेल आणि तुमच्या डोक्यावरचा निवडीचा भार उतरेल. जबाब देण्यापूर्वी वकिलाशी बोला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी अर्ज करता येतो. मी इथे लिहिलेले तुमच्या पत्रातल्या माहितीपुरतेच आहे. कागद पाहणारा वकील अधिक नेमके सांगेल.

आठ दिवसांची मुदत त्या गृहस्थांनी दिली आहे, कायद्याने नव्हे. तरीही तिच्या आत उत्तर जाऊ द्या. मजकूर साधारण असा ठेवता येईल: ‘आपला संदेश मिळाला. सदर कॅमेरा मला अमुक महिन्यात अमुक व्यक्तीकडून भेट म्हणून मिळाला. त्यावर अन्य कुणाचा हक्क असल्याची मला तोपर्यंत कल्पना नव्हती. कॅमेरा माझ्याकडे सुरक्षित असून मी त्याचा वापर थांबवला आहे. संचातील एक लेन्स मी पूर्वीच विकली आहे, त्याबाबत आपल्याशी बोलण्यास तयार आहे. आपण खरेदीचे बिल, अनुक्रमांक आणि वापरायला दिल्याचा पुरावा पाठवावा. खात्री पटताच दोघांच्या सोयीच्या वेळी, साक्षीदारासमक्ष, पावती घेऊन कॅमेरा आपल्याला सुपूर्द करीन.’ हाच मजकूर मित्रालाही पाठवा आणि त्याला उत्तरासाठी चार दिवस द्या.